बॅग भरताना

धरमपेठ, नागपूर

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फुटाळ्यावर फिरताना तू हळूच विचारलंस, "काका, ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारात पत्ते मोजणारे कॅसिनोला जाताना सोबत काय नेतात आणि काय लपवतात?" तुझे बाबा दोन पावलं पुढे होते, म्हणून मी गप्प राहिलो. पुढच्या महिन्यात तू नोकरीसाठी फिनिक्सला निघणार, आणि तिथून लास वेगास गाडीने पाचेक तासांवर. तू जाणारच, हे मला दिसतंय. म्हणून लिहितोय.

तुझे मित्र आधी गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर सराव करू म्हणतात, ते मनातून काढ. उत्तम मोजणाऱ्यालाही शंभर रुपयांच्या डावामागे साधारण एक रुपया सुटतो. गोव्यात चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेताना पूर्ण किमतीवर जीएसटी लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. त्या एका रुपयाचं काय उरणार?

मोजणी तुला येते. टेबलावर पडणाऱ्या प्रत्येक पत्त्याची बेरीज ठेवायची: दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का उणे एक. बेरीज वाढली, म्हणजे मोठे पत्ते जास्त उरले, की डावावरची रक्कम वाढवायची. लपवायची ती ही बेरीज. नवख्याचे ओठ हलतात, नजर टाकलेल्या पत्त्यांच्या थप्पीवर खिळते, शेजारी बोलला तर उत्तर उशिरा येतं. टेबलामागे उभा असलेला पिट बॉस, म्हणजे कॅसिनोचा देखरेख करणारा माणूस, तेवढंच बघत असतो. म्हणून घरी सराव करताना टीव्ही चालू ठेव, आईशी भाजीच्या भावावर बोलत राहा आणि तरीही आकडा चुकू देऊ नकोस.

डोक्याने मोजणं हा तिथे गुन्हा नाही. पण नेवाडात, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे तिथे, 1985 पासून मोजायला यंत्र वापरणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि फोनमधलं ॲपही यंत्रच. फोन गाडीत ठेवून आत जा. न्यू जर्सीत 1982 च्या निकालामुळे कॅसिनोला केवळ मोजणी करतो म्हणून कुणाला हाकलता येत नाही. नेवाडात येतं. कुणी खांद्यावर हात ठेवून "आता पुरे" म्हणालं तर वाद घालू नकोस. चिप्स उचल, वटव, नीघ. पुन्हा पाऊल ठेवू नका अशी ताकीद मिळाल्यावर परत गेलास तर मात्र तो गुन्हा होतो. त्यांचं सभासद कार्ड घेतलं नाहीस तरी चालतं. पण खोटं ओळखपत्र कधीही नाही, बाळा. पासपोर्ट खरा, नाव खरं.

आता पैशांचं, कारण मी तिथेच चुकलो. 1996 साली मी मोज्यांच्या गुंडाळीत 8,000 डॉलर कोंबून वेगासला निघालो होतो. रस्त्यात पोलिसाने गाडी थांबवली आणि विचारलं, मोठी रोकड आहे का? मी घाबरून नाही म्हणालो. बॅग उघडली गेली. पैसे माझे, कमाई पगाराची, तरी ते जप्त झाले आणि परत मिळायला सात महिने लागले. हो म्हणालो असतो आणि बँकेची पावती दाखवली असती, तर बहुधा दहा मिनिटांत सुटलो असतो. तेव्हा रोकड एका जाड पाकिटात ठेव, सोबत बँकेतून काढल्याची पावती आणि आधीच्या खेळांची तारीखवार वही. अमेरिकेत शिरताना किंवा तिथून बाहेर पडताना 10,000 डॉलरच्या वर रोकड असली तर लिहून द्यावं लागतं. लिहून दिलं की त्यावर कर नाही, बंदी नाही. कॅसिनोही दिवसाला 10,000 च्या वरचा रोख व्यवहार सरकारला कळवतो. तो टाळायला रकमेचे तुकडे पाडणं हाच वेगळा गुन्हा आहे.

ती वही फार जपून ठेव. मी ठेवली नव्हती. तुझ्या काकूला मी कंपनीचं काम सांगून जात असे. सलग सहा शनिवार-रविवार हरलो. गणिताच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं, दर वेळी सारखेच दहा डॉलर लावले तरी शंभर डावांत सव्वाशे डॉलरचा चढउतार अगदी सहज होतो, आणि माझे डाव त्याहून बरेच मोठे होते. पण बँकेचं पत्र तिच्या हाती पडलं तेव्हा मला दाखवायला एकही ओळ लिहिलेली नव्हती. ती ओरडली नाही. वर्षभर तिने माझ्या कुठल्याही प्रवासाबद्दल काही विचारलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

म्हणून निघण्याआधी बाबांना सांग. किती रक्कम वेगळी काढली आहेस ते आकड्यात सांग, ती पूर्ण गेली तरी घरभाडं थकणार नाही हे दाखव. ते चिडतील. मी सोबत बसेन.

रविवारी सकाळी ये. येताना नवा कॅट आण, तर्री-पोहे मी मागवतो. बावन्न पत्ते एकेक करून उलटायचे, घड्याळ काकू लावेल. तीस सेकंदांच्या आत शेवटचा पत्ता पडला आणि तुझी बेरीज बरोबर शून्यावर आली, तर वेगासच्या तारखा ठरवू.

तुझा,
काका