आम्ही दोघं पुरुष, जोडपं आहोत. गोव्यात एक खोली घेता येईल का? कुठे राहावं?

हो, येईल. दोन सज्ञान पुरुषांनी एका खोलीत राहायला कायद्याची आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर तुमचं नातंही गुन्हा नाही. अडचण येते ती काउंटरवर. 'डबल' बुक केलेलं असतं, आणि दोन पुरुष पाहून परस्पर दोन सुटे पलंग दिले जातात, किंवा 'फक्त फॅमिली' हा नियम पुढे येतो. म्हणून पैसे भरण्याआधी हॉटेललाच मेसेज करा: "आम्ही दोघं पुरुष, एकच मोठा पलंग हवा." लेखी होकार जपून ठेवा. ओळखपत्र दोघांचंही लागतं; पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही.

कळंगुट-बागात दारू प्यायलेल्या टोळक्यांची गर्दी असते. निवांतपणा हवा असेल तर आश्वे, मांद्रे किंवा दक्षिणेला आगोंद बघा. हातात हात चालतो, उघड्यावर चुंबन टाळा.

सगळ्यात जपायचं ते डेटिंग अॅपवर. अनोळखी माणसाला थेट खोलीवर बोलावू नका. आधी व्हिडिओ कॉल, मग गजबजलेल्या कॅफेत भेट. फोटो दाखवून, घरी सांगण्याची धमकी देऊन कुणी पैसे मागितले तर देऊ नका, मागणी वाढतच जाते. स्क्रीनशॉट घ्या, ११२ लावा. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८खाली गुन्हा आहे, आणि इथे गुन्हेगार तुम्ही नाही.