स्टॉकहोमला एकच दिवस मिळत असेल तर...

प्रश्न : जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, माझे पती आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई स्वीडनला जाणार असून स्टॉकहोमसाठी आमच्याकडे एकच दिवस आहे. जुने शहर, राजवाडा, सिटी हॉल, वासा संग्रहालय आणि स्कॅनसेन एवढी ठिकाणे आम्ही लिहून ठेवली आहेत. सासूबाईंना गुडघेदुखीचा त्रास आहे. मुक्काम मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळ आहे. क्रम कसा ठेवावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या यादीतून स्कॅनसेन वगळावे, अशी माझी पहिली विनंती आहे. आर्टुर हाझेलियस यांनी 1891 साली उभे केलेले हे खुले संग्रहालय सुंदर आहे. परंतु ते टेकडीवर पसरलेले असून त्याला किमान अर्धा दिवस द्यावा लागतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांना ती चढण सोसणार नाही. राजवाडाही बाहेरूनच पाहावा.

सकाळचा ताजा वेळ वासा संग्रहालयाला द्यावा. स्थानकाच्या परिसरातून 7 क्रमांकाची ट्राम यूरगोर्डन बेटावर जाते. तेथे ‘वासा’ हे जुने जहाज ठेवले आहे. स्वीडनचा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने बांधून घेतलेले, 64 तोफांचे हे युद्धनौकेचे धूड 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच प्रवासाला निघाले आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन बंदरातच बुडाले. वरचा भार फार, तळ अरुंद, आणि जहाज सरळ राहावे म्हणून तळाशी जे दगड भरतात, ज्यांना आपल्याकडे नीरम म्हणतात, ते अपुरे, अशी स्थिती असताना वाऱ्याच्या झोताने जहाज कलले आणि तोफांसाठी उघड्या ठेवलेल्या खालच्या झरोक्यांतून पाणी आत शिरले. मला सर्वांत अस्वस्थ करते ती त्याआधीची चाचणी : तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवले, तेव्हा जहाज इतके डोलू लागले की चाचणीच थांबवावी लागली, तरीही ते निघाले. पुढे चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारा सागरी किडा तेथे जगत नाही, म्हणूनच 333 वर्षांनी, 1961 साली, हे जहाज जवळजवळ अखंड वर काढता आले. आत उद्वाहक आहे; सासूबाईंनी प्रत्येक मजल्यावरून ते निवांत पाहावे, कारण खालून दिसणारे जहाज आणि वरच्या सज्जातून दिसणारे जहाज ही दोन वेगळी दृश्ये आहेत. लाकडाच्या रक्षणासाठी आतील हवा थंड आणि उजेड मंद ठेवतात, तेव्हा शाल जवळ असू द्यावी. दोन तासांपेक्षा कमी वेळ धरू नये.

दुपारी यूरगोर्डनहून स्लुसेनला जाणाऱ्या फेरीबोटीत बसावे. शहर 14 बेटांवर वसले आहे हे नकाशापेक्षा त्या दहा मिनिटांत अधिक कळते, आणि मेट्रो व ट्रामचे 75 मिनिटांचे तिकीट या बोटीतही चालते. स्लुसेनला लागूनच गामला स्तान, म्हणजे जुने शहर, आहे. तेथील रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे असल्याने सासूबाईंच्या पायांत सपाट, घट्ट बूट असावेत. स्टोरटॉर्येट चौकात बाकावर बसून 1520 साली डेन्मार्कच्या राजाने स्वीडिश सरदारांचे हत्याकांड घडवले ती जागा आणि समोरचे नोबेल संग्रहालय पाहावे. सर्वांत अरुंद, 90 सेंटिमीटर रुंदीची मोर्टेन ट्रॉटझिग गल्ली मात्र पायऱ्यांची आहे. ती तुम्ही दोघांनी पाहून यावी.

सिटी हॉल शेवटी ठेवावा. 1923 साली पूर्ण झालेल्या या विटांच्या वास्तूत 10 डिसेंबरला नोबेल मेजवानी होते. आतील भाग मार्गदर्शकासोबतच पाहता येतो आणि त्या फेऱ्या दिवसाच असतात, म्हणून वेळ जुळली नाही तर हट्ट करू नये. पाण्याकाठचा बगीचा विनामूल्य आहे, जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, आणि तेथून आपला मुक्काम चालत जाण्याइतका जवळ आहे.

जाण्यापूर्वी तारीख तपासावी : 19 ते 25 जूनमधील शुक्रवारी मिडसमर या स्वीडनमधील मोठ्या उन्हाळी सणाची पूर्वसंध्या असते आणि त्या दिवशी पुष्कळ दुकाने, उपाहारगृहे बंद राहतात. रोख पैसे अनेक ठिकाणी घेतच नाहीत, त्यामुळे परदेशात चालणारी दोन कार्डे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.