पेट्रोल बोट नव्हे, गस्तीची बोट!

विचारणा अशी : पहिल्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने लोकांच्या खासगी मोटरबोटी घेऊन किनाऱ्यालगत फिरत्या ठेवल्या. एका लेखात त्यांना 'पेट्रोल बोटी' म्हटलंय, दुसऱ्यात 'पहारा नौका'. बरोबर काय? आणि त्यांचं 'युद्धनौकेत रूपांतर झालं' म्हणावं का?

'पेट्रोल बोट' साफ चूक. 'पोलिसांनी पेट्रोलिंग वाढवलं' हे रोज वाचून डोकं उठतं. पेट्रोल टाकीत भरतात. फिरण्याचा तो शब्द पॅट्रोल, फ्रेंचांकडून इंग्रजीत आलेला; मूळ अर्थ चिखल तुडवत जाणं. दोघांचा काडीचा संबंध नाही. त्यातून 1917 सालच्या या बोटींपैकी पुष्कळ खरोखरच पेट्रोलवर चालत, म्हणजे वाचणारा हमखास फसणार.

आणि घरात 'गस्त' असताना हा उपद्व्याप कशाला?

'पहारा'ही नको. पहारा आला प्रहरावरून. पहारेकरी एका जागी उभा राहून आपला प्रहर काढतो. लहानपणी आमच्या गल्लीतला गुरखा रात्री काठी आपटत नाक्यापर्यंत जायचा, तिथून वळायचा आणि तोच ठकठक आवाज परत जवळ यायचा. ते वळून येणं म्हणजे गस्त.

हे मी उगाच म्हणत नाही, शब्दाच्या पोटातच ते वळण आहे. गस्त हा फारसी 'गश्त'. क्रियापद 'गश्तन', म्हणजे वळणं, फिरणं. त्याआधीच्या मध्य फारसीत ते 'वश्तन' होतं. आरंभीच्या 'व'चा 'ग' होणं ही फारसीची जुनी खोड : आपला वृक, म्हणजे लांडगा, तिकडे 'गुर्ग' होतो, राजा विश्तास्प 'गुश्तास्प' होतो. तो 'ग' काढून 'व' परत बसवा, की समोर संस्कृत 'वृत्' धातू उभा राहतो. त्यातूनच वर्तुळ, वृत्त, आवर्तन. त्यातूनच वर्त्म, आणि वर्त्मवरून आपली वाट! गस्त आणि वाट एका आजीची नातवंडं. एक इराणातून फिरून आलं, दुसरं इथेच राहिलं. मला तर हे कळलं त्या दिवशी जेवण सुचलं नव्हतं.

म्हणून 'गस्त परकी, ती हाकला आणि टेहळणी म्हणा' असं सांगणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांचं मला मुळीच पटत नाही. टेहळणी बुरुजावर बसूनही होते. शिवाय ज्याला परका म्हणून हाकलताय, तो तुमच्या 'वृत्ता'चा सख्खा चुलतभाऊ आहे. हल्ली 'गश्ती नौका' लिहितात, तेही नको. ती हिंदीची उसनवारी. मराठीने 'श'चा 'स' कधीच करून टाकलाय.

राहिलं रूपांतर. त्या बोटींच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, 'एसपी' अशी अक्षरं आणि क्रमांक असे; एसपी म्हणजे सेक्शन पॅट्रोल, विभागवार गस्त. सहलीच्या बोटीवर एक पौंडी गोळ्याची छोटी तोफ किंवा मशीनगन बसवायची, नौसैनिक चढवायचे, की झाली तयार. काही मालकांनी तर नाममात्र 1 डॉलर भाड्याने बोट दिली होती, आणि लढाई संपल्यावर कित्येक बोटी तोफ उतरवून मालकाकडे परत गेल्या. एवढ्याला युद्धनौका कशाला म्हणायचं? 'खासगी बोटी गस्तीला लावल्या' असं लिहा.