लेझर आला म्हणून टिग सोडायचं नाही

प्रश्न : मुलाने यंदा आयटीआयमधून वेल्डर ट्रेड केला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये हातात धरायचं लेझर वेल्डिंग मशीन आलंय, तिथे हेल्परची जागा आहे. पण तो म्हणतो, टिग (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात करायचं आर्क वेल्डिंग) आता संपलं, पंधरा दिवसांचा लेझरचा कोर्सच करतो. काय करावं? – एक आई, खानापूर तालुका

ताई, कोर्सचे पैसे भरू नका, त्याला त्या जागेवर पाठवा. मात्र रोज तासभर टिगवर हात बसवू द्या, ही अट आधीच घाला.

लेझरची सरळ शिवण आठवडाभरात जमते. खरं काम त्याच्या आधीचं आहे. दोन पत्र्यांत मिलिमीटरभर फट राहिली तर टिगवाला फिलर, म्हणजे भरणाची धातूची काडी, घालून ती भरून काढतो. लेझरचा ठिपका मिलिमीटरपेक्षाही लहान. फटीतून किरण आरपार जातो आणि शिवण खचते. किती फट चालते याचा ढोबळ हिशेब जाडीच्या 10 टक्क्यांचा, म्हणजे दीड मिलिमीटरच्या पत्र्याला 0.15 मिलिमीटर. वायर फीडर (भरणाची तार पुरवणारा भाग) असला तर थोडी सूट मिळते, एवढंच. कडेचा बर (कापताना राहिलेली खरखरीत धार) काढणं, तेल पुसणं, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघणं, टॅक (पत्रे धरून ठेवणारे छोटे टाके) मारताना पत्रा हलू न देणं, हे ज्याला येतं त्याच्याच हातात मशीन देतात.

दुसरी गोष्ट टॉर्चमधली संरक्षक काच. स्पॅटरचा (उडालेल्या वितळलेल्या धातूचा) एक काळा ठिपका बसला तरी काच तिथे तापते आणि किरणाचा जोर घटतो. शिवण वरून चकचकीत दिसते, आत पकड नसते. काच बदलताना पंखा बंद, हात स्वच्छ. शंका आली तर वेल्ड केलेला नमुन्याचा तुकडा वाकवून तोडून बघायचा.

आपल्याकडे फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाचं, कामही मोठं. ओतीव लोखंडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो. लेझरची शिवण झटकन थंड होऊन कडक होते आणि तडकते. तिथे निकेल रॉडचं आर्क वेल्डिंगच जास्त चालतं. त्यामुळे त्याचं शिक्षण वाया गेलेलं नाही.

ड्रॉइंग इंग्रजीत येतं. मराठी शाळेतला असला तरी वेल्डिंगच्या खुणा महिनाभरात पाठ होतात, त्याची धास्ती नको.

जॉइन होण्याआधी स्वतः जाऊन चष्मा बघा. या लेझरचा प्रकाश साधारण 1080 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. पापणी मिटत नाही आणि स्टीलवरून परतलेला किरणही पडदा जाळतो. टिगची काळी काच इथे चालत नाही. चष्म्यावर 1080 हा आकडा ज्यात बसतो तो पट्टा आणि ओडी (किरण अडवायची क्षमता) 6 किंवा जास्त छापलेलं हवं, मशीनभोवती बंद केबिन हवी. यातलं एक जरी नसलं, तरी पगार कितीही सांगोत, मुलाला तिथे उभं करू नका.