ब्लू-रे सरस होतं म्हणून जिंकलं का, आणि ते आपल्या खेड्यांत का पोचलं नाही?

तुम्ही विचारलंय की एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त स्पष्ट चित्राच्या दोन डिस्क, यांच्या झुंजीत ब्लू-रे चित्र चांगलं दाखवायचं म्हणून जिंकलं का, आणि आपल्या गावाकडे त्यातलं एकही कधी दिसलं कसं नाही. बहिणीच्या लग्नाच्या जुन्या डीव्हीडी आता ब्लू-रेवर उतरवून घ्याव्यात का, हाही तुमचा प्रश्न आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बरीच वर्षं डिस्क भाड्याने द्यायचं आणि प्लेअर दुरुस्त करायचं दुकान चालवलं. लग्नाच्या शूटिंगच्या डिस्कही तिथेच बनायच्या. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, उत्तर थोडं लांबेल.

चित्र चांगलं होतं म्हणून ब्लू-रे जिंकलं, हे खरं नाही. चित्र दोन्हीकडे सारखंच होतं. दोन्ही डिस्क ४०५ नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या लेझरवर चालायच्या. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० चा, सीडीचा ७८० चा. लेझरची लहर आखूड झाली की त्याचा ठिपका बारीक होतो, आणि ठिपका बारीक झाला की डिस्कवरच्या रेघा एकमेकींच्या जवळ आखता येतात. तिफणीचे फण जवळ घेतले की तेवढ्याच वावरात जास्त तासं बसतात, तसं. सीडीत दोन रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डीव्हीडीत ०.७४, एचडी डीव्हीडीत ०.४ आणि ब्लू-रेत ०.३२. म्हणून एका थरात डीव्हीडीवर ४.७ जीबी मावायचे, एचडी डीव्हीडीवर १५ आणि ब्लू-रेवर २५. जागा ब्लू-रेत जास्त, यात वाद नाही. पण सिनेमा दाबून बसवायच्या पद्धती दोन्हीकडे त्याच तीन होत्या: एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४. हॉलिवूडचा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ सुरुवातीला दोन्हींवर सिनेमे काढायचा आणि बऱ्याचदा एकच फाइल दोन्हीकडे जायची. त्यात डोळ्यांना फरक दिसण्याचं कारणच नव्हतं.

उलट २००६ साली जास्त तयार वस्तू तोशिबाची एचडी डीव्हीडी होती असं माझं ठाम मत आहे. पहिल्या प्लेअरपासून नेटवर्कचं सॉकेट होतं, चित्रात चित्र दाखवायची सोय होती, आणि डिस्कवर प्रदेशाचं कुलूप नव्हतं, म्हणजे एका देशातली डिस्क दुसऱ्या देशातल्या प्लेअरवरही चालायची. ब्लू-रेनं जगाचे ए, बी, सी असे तीन तुकडे केले आणि आपण सी मध्ये गेलो. सुरुवातीच्या कित्येक ब्लू-रे प्लेअरना पुढे आलेल्या सोयी चालवताच आल्या नाहीत. किमतीतही फरक होता. अमेरिकेत एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचा प्लेअर ५०० डॉलरला आला, आणि दोन महिन्यांनी सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला तो जवळपास हजार डॉलरला.

मग तोशिबावाले हरले कसे? सिनेमे कोणाच्या हातात आहेत, यावर सगळं ठरलं. ब्लू-रेच्या मागे सोनी होती. याच सोनीनं बीटामॅक्स ही व्हिडिओ कॅसेट १९७५ साली आणली होती, वर्षभरात जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस कॅसेट आली आणि शेवटी १९८८ मध्ये सोनीला स्वतःच व्हीएचएसचे व्हीसीआर काढावे लागले. ती हार सोनी विसरली नाही. १९८९ मध्ये त्यांनी कोलंबिया पिक्चर्स ही सिनेमा कंपनी विकतच घेतली. त्यामुळे ब्लू-रे आलं तेव्हा एक मोठा स्टुडिओ घरचाच होता, शिवाय डिस्ने आणि फॉक्स त्यांच्या बाजूला होते. तोशिबाकडे पक्का असा एकच स्टुडिओ, युनिव्हर्सल. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंटही पूर्णपणे त्यांच्याकडे आला.

दुसरा हुकमी पत्ता प्लेस्टेशन ३, सोनीचं गेम खेळायचं यंत्र. नोव्हेंबर २००६ पासून विकल्या गेलेल्या त्याच्या प्रत्येक डब्यात ब्लू-रे ड्राइव्ह होताच. पोरानं गेमसाठी घेतला तरी घरात ब्लू-रे आपोआप आलं. मायक्रोसॉफ्टनं आपल्या गेमच्या यंत्रासाठी, एक्सबॉक्स ३६० साठी, एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकला, वर २०० डॉलर देऊन. जे वेगळं घ्यावं लागतं ते थोडेच लोक घेतात, हे मी माझ्या काउंटरवरही रोज बघत होतो.

४ जानेवारी २००८ ला वॉर्नरनं जाहीर केलं की आता फक्त ब्लू-रे. लास व्हेगासचा मोठा इलेक्ट्रॉनिक्स मेळा दोन-तीन दिवसांवर होता. एचडी डीव्हीडीवाल्यांनी तिथली आपली पत्रकार परिषदच रद्द केली. फेब्रुवारीत तेव्हा डिस्क भाड्याने देणारं नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही अमेरिकेतली मोठी दुकानं एकामागोमाग एक ब्लू-रेकडे गेली, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं हात टेकले. आदल्या नोव्हेंबरात वॉलमार्टमध्ये त्यांचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला होता, तरीही. स्वस्ताईनं मिळवलेलं सगळं एका स्टुडिओच्या पत्रकानं दीड महिन्यात संपलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आपल्याकडचं. त्याच २००७-०८ च्या काळात माझ्या दुकानात काय चालत होतं? व्हीसीडी, म्हणजे सीडीवर भरलेला सिनेमा. एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणून हिंदी पिक्चर दोन किंवा तीन डिस्कचं. शहरातला माणूस याला अडचण म्हणेल. आमच्याकडे लोडशेडिंग दिवसाचे कित्येक तास असायचं, आणि लाइन गेली की तुकड्यांत असलेलं पिक्चर बरं पडायचं: जी डिस्क अर्धी राहिली तीच पुन्हा लावायची, सुरुवातीपासून बघायची गरज नाही. त्यात मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी अशी ओरिजिनल डिस्क बाजारात आणली, तेव्हा आमचा भाड्याचा धंदाच निम्मा झाला. भाड्याच्या पैशांत थोडी भर घातली की डिस्क कायमची घरात. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ भारतात आलं ते सुमारे ४० हजारांना. त्या पैशात आमच्याकडे चांगली बैलजोडी बघता आली असती.

पण किंमत हेही अर्धंच कारण. खरी अडचण टीव्हीची होती. गावातल्या घरात २१ इंची डब्बा टीव्ही, त्याला पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी. आपल्याकडच्या पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी. ब्लू-रेचं चित्र १०८० ओळींचं, पण त्या पिवळ्या वायरीतून ते टीव्हीपर्यंत जातच नाही. म्हणजे नागपूरहून कोणी ब्लू-रे प्लेअर आणलाच असता, तरी त्याला डीव्हीडीइतकंच दिसलं असतं. गावात सपाट टीव्ही पोचेपर्यंत प्लेअरला यूएसबीचं तोंड आलं होतं आणि पोरं पेनड्राइव्हवर पिक्चर भरून न्यायला लागली होती. २०१६ मध्ये जिओ आलं आणि तोही धंदा आटोपला. एचडी डीव्हीडी जिंकली असती तरी आमच्याकडे वेगळं काही घडलं नसतं.

एक गोष्ट मात्र या युद्धावर लिहिणारे कमी सांगतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याला ती आधी दिसते. डिस्कच्या आत माहितीचा थर किती खोल आहे? सीडीत तो वाचायच्या बाजूपासून १.२ मिलिमीटर आत, म्हणजे जवळजवळ छापील बाजूला चिकटलेला असतो. म्हणून सीडीवर बॉलपेननं जोर देऊन नाव लिहिलं की ती जायची. अशी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली की सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसायची. मग मी गिऱ्हाइकाला तिथेच सांगायचो की ही आता होणार नाही. डीव्हीडीत तो थर बरोबर मध्ये, ०.६ मिलिमीटरवर, दोन चकत्यांमध्ये सुरक्षित. वरचा ओरखडा लेझरच्या नजरेत धूसर राहतो, आणि थोडं घासून काढायला प्लास्टिकही शिल्लक असतं. लोक टूथपेस्ट लावून घासायचे आणि डीव्हीडी बऱ्याचदा चालायचीही.

एचडी डीव्हीडीनं हेच ०.६ मिलिमीटर कायम ठेवलं. त्यामुळे डीव्हीडीचे कारखाने थोड्या फेरफारावर तिच्या डिस्क काढू शकत होते. ब्लू-रेनं थर वर आणला, पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर. जास्त माहिती बसली ती यामुळेच, पण नाजूकपणाही आला. सुरुवातीला तर त्या डिस्क प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा विचार होता. पुढे टीडीके या जपानी कंपनीचं कडक कोटिंग आलं म्हणून डबी टळली. त्या कोटिंगवर टूथपेस्ट घासली तर फायदा काहीच नाही, नुकसान मात्र होईल.

आता आमच्या भागातली वापराची तऱ्हा बघा. दुर्गोत्सवात एक डिस्क या मंडळातून त्या मंडळात फिरणार, कव्हर हरवलेलं, परत येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या आसपासच्या घरांतून प्लेअर यायचे, तक्रार एकच: "भाऊ, पिक्चर अटकून राह्यलं." चार स्क्रू काढून झाकण उघडलं की भिंगावर रुईचे तंतू आणि धूळ. स्पिरिट लावलेल्या काडीनं हलक्या हातानं पुसलं की बहुतेक प्लेअर पुन्हा चालू. अशा ठिकाणी ०.६ मिलिमीटरची डिस्क जास्त शहाणी होती, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या बहिणीच्या डीव्हीडी ब्लू-रेवर घेऊ नका. एक तर चित्र सुधारणार नाही. डीव्हीडीत ७२० बाय ५७६ आहे तेवढंच राहील. दुसरं, त्या डिस्कचा बाजारच आटतोय. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. पण कॉपी करायला उशीरही करू नका. पिक्चरची विकतची डीव्हीडी साच्यातून छापलेली असते, लग्नाची डीव्हीडी मात्र रंगाच्या थरावर लेझरनं जाळून लिहिलेली. तो रंग ऊन आणि उष्णतेनं उतरतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत लोखंडी कपाट किती तापतं, ते तुम्हाला माहीत आहे.

कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह जोडा, शक्यतो जुना. माझ्या अनुभवात जुने ड्राइव्ह खराब डिस्क जास्त चांगल्या वाचतात. डिस्कमध्ये व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर असेल, तो आख्खा जसाच्या तसा उचला. आधीच एमपी४ करत बसू नका, प्रत्येक रूपांतरात थोडं चित्र जातं. त्यातल्या व्हीओबी फाइल, म्हणजे खुद्द व्हिडिओ, व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये सरळ चालतात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक बहिणीच्या सासरी. कॉपी झाली की शेवटची वीस मिनिटं आधी चालवून बघा. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि खराब व्हायला बहुधा बाहेरच्या कडेनं सुरुवात होते. मंगलाष्टकं आत असतात म्हणून ती नीट दिसतील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल, पण पाठवणी कडेला असते. ती अडकत असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर, कमी वेगानं, पुन्हा प्रयत्न करा.