राजवाड्यात दोन रात्री

प्रश्न : नोव्हेंबरात आमच्या लग्नाला तीस वर्षं होतील. मुलाने हट्टाने ग्वाल्हेरच्या राजवाड्याच्या हॉटेलात दोन रात्रींची सोय करायचं ठरवलं आहे. एका रात्रीचं भाडं ऐकून मी गारच पडले. एवढ्या महागाच्या खोलीत राहून दिवसभर गावभर हिंडायचं तर खोली वाया जाणार, आणि खोलीतच बसलो तर ग्वाल्हेर राहून जाणार. यांचा उजवा गुडघा दुखरा आहे. यांनी लहानपणी मिरजेत गाणं शिकलेलं, त्यामुळे तानसेनाची समाधी बघायचीच आहे. मैत्रीण म्हणते, एवढं लांब जाताय तर ओरछाही उरकून घ्या. काय करावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी ओरछाचं सांगते. जाऊ नका. ग्वाल्हेरहून ते सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, जाऊन येऊन पाच-सहा तास गाडीत जातील आणि तुमच्या हातातला एकमेव पूर्ण दिवस संपेल. ओरछा सुंदर आहे, त्यासाठी वेगळं या. झाशी आणि दतियाचंही तेच.

ग्वाल्हेर शहरातला लष्कर हा भाग माझं माहेर, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला अलिप्तपणे उत्तर देणं मला जमणार नाही. खोली की गाव हा पेच तुम्हाला पडलाय, तो ग्वाल्हेरात सुटतो, कारण तिथलं ऊन आणि तिथला दगड तुमचं वेळापत्रक आपोआप ठरवतात. किल्ला सकाळचा आहे, समाधी संध्याकाळची. मधले सहा-सात तास हॉटेलचे. पैसे त्या तासांसाठी मोजलेत असं समजा आणि त्यातला एकही तास बाहेर घालवू नका.

दिल्लीहून सकाळी सहाची शताब्दी धरलीत तर साडेतीन तासांत ग्वाल्हेर येतं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसही थेट जाते, पण गुडघा दुखत असताना एवढा लांबचा प्रवास करून पहिला दिवस अंग चेपण्यात घालवू नये असं मला वाटतं. पोचल्यावर त्या दिवशी बाहेर पडू नका. मुलाने बहुधा शिंद्यांच्या जयविलास राजवाड्याशेजारचं उषाकिरण पॅलेस घेतलं असेल. तिथे व्हरांड्यात चहा मागवा, बागेत फिरा, तेलाचा मसाज करून घ्या. रात्री जेवायला जाताना ठेवणीतली पैठणी नेसा. असल्या हॉटेलात आपण शोभू का, अशी धाकधूक तुमच्या पत्राच्या ओळींमध्ये मला दिसली. शिंद्यांच्या संस्थानात दीडशे-दोनशे वर्षं मराठी बायका पैठणी नेसून वावरल्या आहेत. तिथे तुमच्याइतकं शोभणारं दुसरं कोण?

त्याच रात्री रिसेप्शनला दोन गोष्टी सांगून ठेवा: सकाळी सहाला गाडी, आणि नाश्ता डब्यात बांधून. भाड्यात नाश्ता असतोच, तो किल्ल्यावर नेला म्हणून कोणी भुवई उंचावत नाही.

आता किल्ला. वर जायला दोन वाटा आहेत. पूर्वेची वाट गुजरी महालापासून हत्ती पोळ या दरवाज्यापर्यंत चढत जाते, ती पायीच करावी लागते आणि चांगलीच खडी आहे. पश्चिमेच्या उरवाई दरवाज्यातून मात्र गाडी थेट वर जाते. यांच्यासाठी हीच वाट. शिवाय याच रस्त्याच्या कडेला कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात त्या कोरल्या गेल्या आणि त्यातली आदिनाथांची मूर्ती पन्नास फुटांहून उंच आहे. बाबर 1528 मध्ये इथे आला होता. त्याने या मूर्ती विद्रूप करायचा हुकूम दिला आणि तसं आपल्या आठवणींत नोंदवूनही ठेवलं. बऱ्याच मूर्तींचे चेहरे नंतर दुरुस्त केलेले दिसतील. तिथे गाडी थांबवायला सांगा, चालक घाईने पुढे नेतात.

वर गेल्यावर आधी मानमंदिर. 1486 ते 1516 या काळात राज्य केलेल्या मानसिंग तोमराचा हा वाडा. आत शिरण्याआधी हत्ती पोळच्या बाजूला येऊन बाहेरची भिंत बघा. निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांचे पट्टे, त्यात ओळीने चालणारी पिवळी बदकं, हत्ती, मगरी, केळीची झाडं. पाचशे वर्षांपूर्वीचा निळा रंग अजून असा आहे की सकाळच्या कोवळ्या उन्हात नजर हलत नाही. नऊनंतर ऊन पांढरं पडतं आणि सहलींच्या बसही येतात, म्हणून सहाची घाई. आतले दोन चौक लहान आणि देखणे आहेत. खाली तळघरं आहेत, तिथल्या पायऱ्या अरुंद आणि अंधाऱ्या, यांना उतरू देऊ नका. मोगलांनी तिथे राजकैदी ठेवले. औरंगजेबाने आपला सख्खा भाऊ मुराद याला याच किल्ल्यावर कैदेत ठेवून 1661 मध्ये मारलं. लहानपणापासून हा वाडा बघत आले, तरी वरच्या नाजूक जाळ्या आणि खालच्या त्या खोल्या एकाच घराच्या आहेत हे माझ्या मनाला अजून नीट पटत नाही.

मग सासबहू मंदिर, 1093 चं, तिथून सगळं शहर दिसतं. डबा तिथल्या परिसरात न उघडता गाडीजवळ उघडा. तेली का मंदिर गाडीतून उतरून दहा पावलं मागे सरकून बघा, म्हणजे त्याचा हत्तीच्या पाठीसारखा, गजपृष्ठाकार माथा डोळ्यांत मावतो. उत्तरेत असं देऊळ क्वचितच दिसतं.

एक जागा मात्र यांना दाखवता येणार नाही, पण तुम्ही चुकवू नका. हत्ती पोळमधून पायवाटेने थोडं खाली उतरलं की एकाच खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथे इ. स. 876 चा शिलालेख आहे. देवासाठी फुलबाग करायला दिलेली जमीन 270 हात, आणि देवाला रोज 50 माळा, असे आकडे त्यात कोरले आहेत, आणि दोन्हींत शून्य आज आपण काढतो तसंच वाटोळं आहे. उतार गुडघ्याला चढापेक्षा जास्त त्रास देतो, म्हणून यांना गाडीतून वळसा घालून खाली गुजरी महालापाशी पाठवा आणि तुम्ही वाटाड्याबरोबर रमतगमत उतरा. देवळाला कुलूप दिसलं तर आजूबाजूला रखवालदाराची चौकशी करा.

दहा-साडेदहाला हॉटेलात परत. गरम पाण्याने सावकाश आंघोळ, जेवण, पडदे ओढून झोप. यांच्या गुडघ्याला शेक. इथे मन खाऊ देऊ नका की आपण दुपार फुकट घालवतोय.

संध्याकाळी शहराच्या हजिरा भागात तानसेनाची समाधी. मोठी इमारत आहे ती सूफी संत महंमद घौस यांच्या कबरीची. तिच्या दगडी जाळ्यांमधून उतरतं ऊन आत येतं ते बघायला चार-साडेचारला पोचा. तानसेनाची कबर शेजारीच, साधी, खांबांच्या मंडपाखाली. जवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी समजूत आहे आणि गाणारे अजून तो खातात. यांनाही खाऊ द्या.

यांनी तिथे थोडा वेळ निवांत बसावं असं मला फार वाटतं, आणि त्याला कारण मिरज आहे. ग्वाल्हेर घराण्याचे गायक हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरात शिकले आणि ती गायकी त्यांनी दक्षिणेत आणली. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले ते तुमच्या मिरजेत, आणि पुढे 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे तुमच्या यजमानांनी लहानपणी जो ख्याल घोटला असेल, त्याची वाट बहुधा याच गावातून गेलेली. युनेस्कोने 2023 मध्ये ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं, पण मिरजकरांना ते कोणी सांगायची गरज नव्हती. तानसेन समारोह डिसेंबरात असतो. तारीख महिनाभर पुढे ढकलता आली तर तोही ऐकाल, फक्त डिसेंबर संपत आला की धुक्याने दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात, दिल्लीहून परतीचं विमान गाडीला अगदी लागून घेऊ नका.

तिसऱ्या दिवशी खोली सोडण्याआधी जयविलास. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधला, आराखडा मायकेल फिलोज यांचा. दरबार हॉलमधली दोन झुंबरं काही टन वजनाची आहेत. ती टांगण्याआधी छताची ताकद तपासायला वर हत्ती चढवले होते असं गाव सांगतं. जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडीही तिथेच. दालनं बरीच आहेत, जिने आहेत, सगळी बघू नका. मराठ्यांच्या इतिहासाचं दालन आणि दरबार हॉल पुरे. संग्रहालयाचा सुट्टीचा वार हॉटेलकडून आधीच विचारून घ्या आणि त्याप्रमाणे दिवस बसवा.

दुपारी सामान हॉटेलातच ठेवून फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला जा. 1858 च्या जूनमध्ये त्या ग्वाल्हेरातच पडल्या. तिथून महाराज बाडा, सराफा, चंदेरीचं एखादं पातळ. नया बाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू घ्या. तीळगुळाची गजक थंडीतली नवी असेल तरच घ्या, जुनी चिवट होते. संध्याकाळची शताब्दी तुम्हाला रात्रीपर्यंत दिल्लीत पोचवेल.

आणि मुलाला आजच सांगा: आरक्षण करताना तळमजल्याची, पायऱ्या नसलेली खोली लेखी मागून घ्यायची. जुन्या वाड्यांत लिफ्ट असेलच असं धरून चालू नये.