आठव्या नंबरवरून

अगं, तुझा व्हॉइस मेसेज सकाळी चहा टाकताना ऐकला, मग परत एकदा ऐकला. फोनवर आपण दोघी नीट बोलणार नाही, म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाच.

तिकडे अमेरिकेत कॉलेजच्या स्क्वॉश टीममधल्या नंबरासाठीची चॅलेंज मॅच हरलीस, पाचवरून आठवर गेलीस आणि आता टीम सोडायचीय. सोडायची तर सोड, पण मार्चमध्ये, सीझन संपल्यावर. हरल्याच्या तिसऱ्या दिवशी, बाहेर बर्फ पडत असताना आणि झोप झालेली नसताना असले निर्णय घेऊ नकोस.

बघ, आपल्याकडे तू लहानपणापासून एकटीच खेळलीस. अंडर थर्टीन, अंडर फिफ्टीन, रँकिंग, ड्रॉ, हरलं की बॅग भरायची आणि आईबरोबर ट्रेनने घरी. टीम म्हणजे काय हे आपल्या स्क्वॉशवाल्या मुलींना कुणी शिकवतच नाही. तिकडे नऊ जणी खेळतात, नऊ मॅच, प्रत्येकीचा एक पॉइंट, पाच झाले की टाय, म्हणजे दोन टीमची लढत, जिंकली. एक नंबरवाली जिंकली तरी एकच आणि तू आठवर जिंकलीस तरी एकच. चार-चार झालेलं असताना शेवटची मॅच कोणत्या नंबरची उरेल हे आधी कुणाला माहीत असतं? मला तर वाटतं वरच्या नंबरपेक्षा खालच्या तिघींवरच टाय जास्त वेळा फिरते, कारण चांगली एक नंबर बऱ्याच कॉलेजांकडे असते, चांगली आठ नंबर नसते.

आता तुझी मॅच. व्हिडिओ दोनदा बघितला. तू वाईट नाही खेळलीस, तू ठाण्यातलं स्क्वॉश खेळलीस. घोडबंदर रोडच्या क्लबहाऊसमधलं आपलं ते कोर्ट आठव, एसी नाही, एप्रिलमध्ये आत गेलं की भट्टी, बॉल दोन मिनिटांत गरम होऊन उड्या मारायला लागतो, मागच्या भिंतीवरून आरामात परत येतो आणि आपण वाट बघत उभं राहून जोरात मारतो. तुझा हात तसाच तयार झालाय, त्यात माझाही दोष आहे, मी तुला तिथंच शिकवलं. पण तिकडे थंडीत तोच डबल यलो डॉट, म्हणजे सगळ्यात कमी उसळणारा, बॉल मेल्यासारखा पडतो. तिसऱ्या गेममध्ये तू चार वेळा मागच्या कोपऱ्यात बॉल भिंतीवरून येईल म्हणून थांबलीस आणि तो आलाच नाही, चारही पॉइंट तिथंच गेले. थांबायचं नाही. टी वर, म्हणजे कोर्टाच्या मधल्या खुणेवर, एक पाऊल पुढे उभी राहा आणि व्हॉली घे, टप्पा पडायच्या आत मार, बॉल मागे जाऊच देऊ नकोस. लॉब उंच टाक, थंड कोर्टवर तो कोपऱ्यात जाऊन मरतो, समोरचीला काढताच येत नाही. आणि ती मागे अडकली असेल तेव्हा ड्रॉप टाक, हलकाच, पुढच्या भिंतीजवळ, तळाच्या टिनच्या पट्टीला घाबरू नकोस. रोज वीस मिनिटं एकटी सोलो कर, फक्त व्हॉली आणि ड्रॉप, आणि जोर लावायचा नाही.

आणि लेट, म्हणजे पॉइंट परत खेळायला, माग गं! समोरची अंगावर आली, वाट अडवली, तरी तू बाजूला होऊन तोंडातल्या तोंडात सॉरी म्हणतेस. मुलीने वाद घालू नये असं आपल्या डोक्यात कुणीतरी भरून ठेवलंय. रेफरीकडे बघून मोठ्याने 'लेट प्लीज' म्हणणं हा वाद नाही, नियम आहे. स्ट्रोक, म्हणजे थेट पॉइंट, द्यायचा की नाही ते रेफरी बघेल.

नडगी दुखतेय हे मेसेजच्या अगदी शेवटी, घाईघाईत सांगितलंस. ते टीमच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनरला आजच सांग, कोचला नंतर सांगितलंस तरी चालेल. मी तुझ्या वयाची असताना नौपाड्यातून पहाटेची लोकल पकडून व्हीटीला खेळायला जायचे, तिथल्या एका क्लबमध्ये मुलींना कोर्ट मिळायची वेळच विचित्र होती, आणि मिळालेली वेळ जाऊ नये म्हणून मी घोट्याचं दुखणं पाच महिने कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर मी कधी पूर्वीसारखी पळाले नाही. पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांग, आणि जेवण नीट घे, मेसचं आवडत नाही म्हणून सॅलडवर राहू नकोस. हाड असं दुखतं तेव्हा डॉक्टर हे सगळं विचारतात, लाजायचं नाही.

पैशाची भीती मात्र काढून टाक. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्डसारख्या त्या आठ कॉलेजांत, खेळाची स्कॉलरशिप देतच नाहीत आणि तुझ्या कॉलेजातही नाहीये. तुला मिळतेय ती मदत घरचं उत्पन्न बघून मिळालीय, लॅडरवर, टीममधल्या नंबरांत, खाली गेलीस म्हणून ती जाणार नाही.

राहिलं तुझं ते वाक्य, "प्रो होणार नसेन तर कशाला खेळायचं." हे तुझं नाही, बाहेरून आलंय. ऑक्टोबर 2023 मध्ये इथे मुंबईतच आयओसीने, म्हणजे ऑलिम्पिक समितीने, लॉस एंजेलिस 2028 साठी स्क्वॉश घेतलं आणि तेव्हापासून तुमच्या बिल्डिंगमधला प्रत्येक काका विचारतो, मग ऑलिम्पिक का? अख्ख्या जगातून 16 बायका खेळणार आहेत तिथे! अमेरिकेच्या अमांडा सोभीने हार्वर्डकडून चारही वर्षं कॉलेजांचं वैयक्तिक टायटल जिंकलं, मग पूर्णवेळ प्रो झाली, दोन्ही पायांचे टाचेमागचे अकिलिस स्नायुबंध वेगवेगळ्या वर्षी तुटले तरी परत आली. मला ती फार आवडते. पण तिच्याबरोबर खाली सात-आठ-नऊवर खेळलेल्या मुलीही चार वर्षं पहाटे उठल्याच ना, त्यांचंही करिअर झालंच की. तुझं हे चाललंय तेच करिअर आहे, आत्ता, दुसरं वर्ष, आठ नंबर.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, तू सांग. शनिवारी तिकडे दुपारी एकला मॅच म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा, तरी ते लॅपटॉप उघडून बसतात आणि यावेळी मीपण जाणार आहे त्यांच्याकडे.

मे महिन्यात आलीस की सकाळी सहाचं कोर्ट बुक करते. जूनमध्ये भिंतींना घाम फुटायला लागतो आणि बॉल घसरतो, त्याच्या आत तुझी ती थंड कोर्टवाली व्हॉली मला बघायचीय.

तुझी,
ताई